मायचं लुगडं, तुमच्या अंगावर

दादा, बापाला पत्र लिहायचं तर तुमच्या खांद्यांपासून सुरुवात करते. परभणीच्या जिनिंगात रुईच्या गाठी उचलून उचलून ते इतके रुंद झाले होते की आपल्या घराच्या दारातून आत येताना तुम्ही जरा तिरके व्हायचात. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास संपायचा. तो संपला की तुम्ही ताडकळसच्या बाजाराला जायचात आणि मिशी काढून यायचात. पहिले दोन दिवस तुमचा वरचा ओठ पांढुरका दिसायचा, कुणी तरी तिथली माती खरवडून काढल्यासारखा. चौदा एप्रिलची जयंती जवळ आलेली असायची, वस्तीतल्या जलशाच्या तालमी सुरू व्हायच्या. आपल्या जलशात बाया उभ्या राहत नव्हत्या, आणि बाईचं काम कायम तुमच्याकडे होतं. शाहीर म्हणायचे, एवढ्या दांडग्या गड्याची बाई होते कशी हे मला अजून कळलेलं न्हाई. मला कळलेलं होतं, कारण ती बाई आपल्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत व्हायची.

मायचं चांगलं लुगडं एकच. हिरवं इरकल, लाल काठाचं. ते पत्र्याच्या पेटीत असायचं आणि लग्नकार्यालाच बाहेर निघायचं. तालमीच्या दिवशी माय स्वतः पेटी उघडून ते तुमच्या हातात द्यायची आणि चुलीकडे वळायची. तुम्ही आधी बोटांना करडईचं तेल चोळायचात, कारण बोटांना भेगा होत्या आणि त्यात इरकलीचा धागा अडकायचा. मग नेसायला सुरुवात. मी आठ-नऊ वर्षांची असेन. निऱ्या धरून उभं राहायचं एवढंच माझं काम. तुम्ही पदर डाव्या खांद्यावरून मागे टाकायचात, पाठीवर रुंद पसरायचात, आणि उजव्या खांद्यावरून पुढे आणून कोपराखाली घ्यायचात. मानेपासून कोपरापर्यंत कापड सरळ उतरायचं. खांदा कुठे संपतो ते दिसायचंच नाही. मग एक पाय थोडा पुढे टाकून तुम्ही उभे राहायचात, आणि गाठी उचलणारा माणूस घरातून निघून गेलेला असायचा.

एकदा मी निऱ्या घट्ट बसाव्यात म्हणून खाली ओढल्या. तुम्ही माझ्या हातावर चापट मारली. हलकीच, पण मला ती आजही आठवते, कारण तुम्ही कधी हात उचलत नव्हता.

"वढू नको," तुम्ही म्हणालात. "कापडाला वढलं की ते अडून बसतं. सोड. त्याला त्याचं पडू दे."

मी म्हटलं, मग सैल दिसतंय की.

"उभी बाई कोण बघतंय? चालती बघ. पाणी आणायला निघालेली बाई आन् भरली घागर घेऊन येनारी बाई, दोघींचा पदर येगळा असतो. आडावर जातीस न्हवं? बघत जा."

मी बघत गेले. आडावर, गिरणीत, ताडकळसच्या आठवडी बाजारात, पोखर्णीच्या यात्रेत. नवी नवरी पदर दातात धरते. बाजारात भाव करणारी बाई तो आधी कमरेला खोचते आणि मगच तोंड उघडते. म्हातारीचा पदर डोक्यावरून घसरतो आणि तिला कळतही नाही. आज माझ्या कपड्यांच्या कामाबद्दल मुली मला विचारतात, तुमची प्रेरणा काय, तेव्हा त्यांना वाटतं मी एखाद्या संग्रहालयाचं नाव घेईन. मी आडाचं नाव घेते. त्यांना ते फार आवडतं, लगेच लिहून घेतात.

पण बघत गेले तरी लाज वाटायचीच. शाळेत पोरं विचारायची, "आज तुझी माय कोण हाय गं? घरातली का फडातली?" मिशी काढून तुम्ही बाजारातून आलात की दोन दिवस मी तुमच्याबरोबर पारासमोरून जात नसे, काही तरी निमित्त काढून मागे राहायची. एकदा मी तुम्हाला म्हटलंही होतं की या वर्षी मिशी राहू द्या. तुम्ही हसलात. "मिशी ठिवली तर बाई कोण व्हईल? तू व्हतीस का?" मायही हसली. मी भांडी घासायला बाहेर गेले आणि राखेनं तांब्या इतका घासला की माय म्हणाली, आता त्याला भोक पाडतीस काय.

दुष्काळाची दोन वर्षं गेली आणि तुम्ही मला परभणीला मुलींच्या बोर्डिंगात घातलंत. वस्तीतल्या लोकांनी नावं ठेवली, पोरीला कशाला शहरात ठेवतोस म्हणून. तुम्ही ऐकलं नाही. शाळेत शिवणाचा तास होता. बाकीच्या मुली त्या तासाला कंटाळायच्या, मी वाट बघायची. गॅदरिंगच्या नाचात मुलींना लुगडी नेसवायची होती आणि बाईंनी नेसवलेली लुगडी नाचताना सुटायला लागली, तेव्हा मी पुढे झाले. एकेकीला नेसवत गेले. कुणाचा खांदा पुढे आलेला, कुणी कमरेत वाकून उभी राहणारी. प्रत्येकीचा पदर वेगळा टाकला. शिवणाच्या बाईंनी विचारलं, "तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "मायनं."

बाई म्हणाल्या, तुझी आई हुशार दिसते. मी मान हलवली.

पुढच्या जयंतीला आपला जलसा परभणीला बोलावला, आमच्या बोर्डिंगपासून जवळच्याच मैदानात. तुमच्याबरोबर माय आली होती, मला भेटायला. फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि तिळाची चटणी घेऊन. बोर्डिंगच्या बाईंनी मला तिच्याबरोबर बसायची परवानगी दिली. तुम्हाला ते माहीत नव्हतं. माय तुम्हाला म्हणाली होती, मी पोरीला भेटून येते, आणि तुम्हाला वाटलं ती बोर्डिंगातच बसेल. दिवेलागण झाली, मैदानात बल्बांची माळ लागली. आम्ही बायकांच्या बाजूला पुढेच बसलो, पाचव्या-सहाव्या रांगेत. ढोलकी सुरू झाली, शाहिरांनी गाणी म्हटली, आणि मग तो दुष्काळी कामाचा प्रवेश आला.

तो प्रवेश मी तालमीत कितीदा पाहिला होता. खडी फोडायच्या कामावर एक बाई आहे. तिचं तान्हं झाडाखाली निजवलेलं आहे. ते रडतं, ती उठते, आणि मुकादम तिला म्हणतो, पोराला पाजायचं तर घरी जा, आजची हजेरी मिळणार नाही. बाई आधी हात जोडते. मुकादम हसतो. मग ती सरळ उभी राहते, पदर कमरेला खोचते आणि त्याला जाब विचारते. ही खडी कुणाच्या रस्त्याला जायलीय, तो रस्ता आमच्या वस्तीपत्तर का येत न्हाई, असं सगळं. त्या ठिकाणी लोक शिट्ट्या मारायचे. पदर खोचला की तुमचे खांदे एकदम बाहेर यायचे, आणि आतापर्यंत वाकलेली बाई लोकांसमोर उंच व्हायची. तालमीत ते बघून माझ्याही अंगावर काटा यायचा.

त्या संध्याकाळी तुम्ही हात जोडलेत, मुकादम हसला, तुम्ही सरळ उभे राहिलात. तुमचा हात पदराकडे गेला. आणि तुमची नजर आमच्यावर पडली. मी मान खाली घातलेली तुम्ही पाहिलीत. मला ते कळलं, कारण मी मान वर केली तेव्हा तुम्ही माझ्याकडेच बघत होता. तुमचा हात तसाच अडकून राहिला. मुकादमानं त्याचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, तुम्ही विसरलात असं वाटून. मग तुम्ही पदर कमरेला खोचला नाहीत. तो डोक्यावरून पुढे ओढलात, हनुवटीपर्यंत, सगळं तोंड झाकेपर्यंत. आणि त्या झाकलेल्या तोंडानं जाब विचारलात.

मैदानात शिट्टी वाजली नाही. ढोलकीवाल्याचा हात थांबला. पदराच्या आतून येणारा तुमचा आवाज ना बाईचा होता ना गड्याचा. ज्या बाईला तोंड दाखवायची सोय उरलेली नाही, ती बोलतेय असं लोकांना वाटलं. माझ्या पुढच्या रांगेतली म्हातारी हुंदके द्यायला लागली. प्रवेश संपल्यावर लोक उभेच राहिले. लोकांना ती कला वाटली. मला एकटीला ठाऊक होतं की तुम्ही लाजलात.

नंतर मैदानाच्या कडेला नळ होता तिथे तुम्ही तोंड धूत होता. लुगडं सोडून धोतर नेसला होता, पण कपाळावरचं कुंकू निघालं नव्हतं, पसरून लाल झालं होतं. मायनं भाकरी सोडली. आपण तिघं तिथेच जमिनीवर बसलो. शाहीर येऊन तुमच्या पाठीवर थाप मारून गेले, काय सुचलं रे तुला म्हणाले. तुम्ही भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि माझ्याकडे न बघता विचारलंत,

"लाज वाटली का गं?"

मी गप्प बसले. माय तुमच्या आणि माझ्या मध्ये बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "खा की. लेकराला काय इचारायलेत."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि ओल्या धोतराच्या टोकानं कपाळ पुसलंत, कातडी लाल होईपर्यंत.

त्या वर्षी जयंतीनंतर तुम्ही मिशी वाढवली, ती पुन्हा काढली नाही. पुढच्या वर्षी होळीला मी घरी आले होते, तेव्हा शाहीर स्वतः आपल्या दारात आले. तुम्ही बाज टाकलीत, मायनं चहा केला. शाहीर म्हणाले, "ती तोंड झाकायची तऱ्हा आता तशीच ठिवू. जिंतूरहून बोलावनं आलंय, पार सेलूहून आलंय. लोकं तेवढ्यासाठी यायलेत."

"दुसरं कुनी बघा, शाहीर."

"कुनाला बघू? तुज्यावानी हाय का कुनी? आन् कामून सोडायलास?"

"पोरगी मोठी झाली," तुम्ही म्हणालात.

शाहिरांनी माझ्याकडे पाहिलं. दोष दिल्यासारखं नाही. पाहुण्यांच्या लेकीकडे बघावं तसं, जरा परकं. मी कपबशा उचलून आत गेले. त्यांनी दुसरा पोरगा उभा केला, पण तो कोवळा होता, मुळातच बाईसारखा दिसायचा. तो सरळ उभा राहिला तरी कुणी उंच झालं नाही. पुढे जलसाच बंद पडला. त्याला कारणं बरीच असतील, शाहिरांचं वय झालं, पोरं कामाला शहरात गेली. पण वस्तीत कुणी जुन्या जलशाच्या गोष्टी काढल्या की मी तिथून उठून जायची.

मॅट्रिक झाल्यावर मुंबईच्या एका संस्थेत कपड्यांचं काम शिकायला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे शिवणाच्या बाईंनी फॉर्म भरला आणि तुम्ही होकार दिलात. तिथे आधी मुलाखत होती आणि घालायला धड काही नव्हतं. मायनं पेटी उघडली, इरकल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "याचं शीव कायतरी."

तुम्ही दारात उभे होता. "त्याला कात्री लावू नका," म्हणालात.

"आता कोन नेसतंय ते?" माय म्हणाली.

ती साधं बोलली होती. तिच्या आवाजात काही टोचणी नव्हती. पण तुम्ही तिरके होऊन दारातून बाहेर गेलात आणि संध्याकाळपर्यंत आला नाहीत. मी कापड जमिनीवर पसरलं. नऊ वार हिरवा रंग, आपल्या घराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नवं शिलाई यंत्र विकत घ्यावं अशी ऐपत नव्हती, शेजारच्या वस्तीतल्या शिंप्याकडे बसून मी तो कुडता शिवला. खांद्यावर शिवण ठेवलीच नाही. मानेपासून कोपरापर्यंत कापड सरळ सोडलं. मुलाखतीच्या बाईंनी मला उभं केलं, वळवलं, पुन्हा वळवलं. शेवटी विचारलं, "याचा खांदा कुठे ठेवलास?" त्या एका कुडत्यावर मला घेतलं. माझं सगळं आयुष्य ज्याला मी धंदा म्हणते, ते तिथून निघालं. मायच्या एकुलत्या एका चांगल्या लुगड्याचे तुकडे करून.

दुसऱ्या हिवाळ्यात तार आली. जिनिंगातली धूळ तुमच्या छातीत बसली होती, तो खोकला तुम्ही कुणाला सांगितला नव्हता. मी पोचले तोवर तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. पांढरं कापड अंगावर होतं आणि ते एका खांद्यावरून खाली घसरत होतं. मी वाकून ते नीट केलं. घसरलं, पुन्हा केलं. कुणी तरी म्हणालं, बाया मागं सरा. मी सरले. तुमच्या ओठावर दाट मिशी होती.

पुढचं थोडक्यात सांगते, तुम्हाला त्यात रस असता की नाही माहीत नाही. आधी कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात नुसत्या कॉलरी शिवल्या. मग नाटकवाल्यांना कपडे करून दिले, कारण त्यांना चालणारी माणसं सजवायची असतात आणि मला तेच येत होतं. मग छोटं दुकान. मग मोठ्या घरच्या लग्नांचे कपडे. खांद्याशी शिवण नसलेला माझा तो कुडता लोकांनी उचलला, गाठी उचलणाऱ्या नाही, पण वजन पेलणाऱ्या बायकांनी, डॉक्टर, वकील, बँकेत बसणाऱ्या. मला लोक ओळखायला लागले. आणि एका शोमध्ये शेवटच्या मुलीला मी तसंच दुसरं हिरवं इरकल नेसवलं, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तिला सांगितलं, सरळ चाल, थांब, आणि बोलल्यासारखी उभी राहा. लोक उठून उभे राहिले. मी आत पडद्यामागे होते.

एका वर्तमानपत्राच्या मुलीनं विचारलं, ही कल्पना कुठून आली. मी लपवलं नाही, दादा. मला वाटलं आता तरी तुमचं नाव निघावं. मी सगळं सांगितलं, जलसा, मिशी, करडईचं तेल, तो मैदानातला प्रवेश. रविवारी छापून आलं. मथळा होता, 'बाईच्या वेशातला बाप'. तुमचा फोटो त्यांना लुगड्यातला हवा होता. तो कुणी कधी काढलाच नव्हता. तुमचा एकच फोटो आहे, जिनिंगच्या पासासाठी काढलेला, मिशी असलेला. तो त्यांना नको होता. त्यांनी चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. चित्रात एक नाजूक, लचकत उभी असलेली बाई होती, पापण्या लांब, खांदे अरुंद. तुम्ही नव्हताच. त्या आठवड्यात दुकानात गर्दी वाढली. एक बाई आली आणि म्हणाली, मला तो तुमच्या बाबांवाला पदर हवा. मी तिला तो नेसवून दिला. हात सवयीनं चालत होते आणि मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आरशात तिच्या मागे उभी असलेली मी मला बघवत नव्हती.

वर्तमानपत्राची तीच मुलगी नंतर घरीही आली, मायशी बोलायला. तोवर माय माझ्याकडे राहायला आली होती. मुलीनं विचारलं, "आजी, तुमची साडी ते नेसायचे, तुम्हाला राग नाही यायचा?"

माय म्हणाली, "राग कशाचा? त्यास्नी शोभायचं."

मुलगी पेन घेऊन थांबली, आणखी काही येईल म्हणून. माय उठली आणि मला म्हणाली, "हिला चहा दे." आणि आत गेली. तेवढंच. पण ती आत जाताना तिनं पाठीवरचा पदर सारखा केला, आणि मला मैदानातली ती सगळी संध्याकाळ जशीच्या तशी दिसली. म्हणून हे लिहायला बसले.

तुम्ही प्रवेशात उतरलात तेव्हा माझ्या शेजारी माय बसली होती. तिच्या अंगावर रोजचं लुगडं होतं, गुडघ्यापाशी ठिगळ लावलेलं, कारण चांगलं तुमच्या अंगावर होतं. तिच्या पलीकडे शहरातली एक बाई होती, पावडर लावलेली, गोल साडीतली. ती तुमच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाप्या हाय म्हणं. पण बाई कशी दिसायली बघा. आपल्याला तरी असं लुगडं नेसता येतं का?" आणि तिनं मायला कोपरानं ढोसलं. "हाय का न्हाई, मावशी?"

माय म्हणाली, "हाय की." आणि हसून तिनं गुडघ्यावरचं ठिगळ हाताखाली घेतलं.

मी तेव्हा मान खाली घातली, दादा. मी मायच्या हाताकडे बघत होते. वर पाहिलं तर तुम्ही दिसलात, उजेडात, हिरव्या रंगात, आणि मला जे खरं वाटलं ते असं की ते लुगडं मायच्या अंगावर मी कधीच इतकं सुंदर पाहिलं नव्हतं. माय बुटकी होती, काटकुळी, तिच्यावर ते ओझ्यासारखं दिसायचं. तुमच्यावर ते तुमचंच असल्यासारखं दिसत होतं. तुम्ही बाई झालात याची मला त्या संध्याकाळी लाज वाटली नाही. गावात वाटायची, पारासमोर वाटायची, ते खोटं बोलणार नाही. पण त्या क्षणी मला लाज वाटली ती तुम्ही मायपेक्षा चांगले दिसत होता याची, आणि मायला ते ठाऊक होतं याची. नळापाशी तुम्ही विचारलंत तेव्हा माय मध्ये बसली होती. तिच्यासमोर हे कसं बोलणार होते मी? आणि तुम्ही माझ्या गप्प बसण्याचा तुमचा अर्थ घेतलात, मिशी वाढवलीत, आणि संपवलंत. त्या एका अर्थावर तुम्ही पुढची सगळी वर्षं काढलीत, आणि मी तुम्हाला एकदाही अडवलं नाही.

मायला मी पुष्कळ साड्या दिल्या. इरकल दिली, पैठणी दिली, तिच्या उंचीला बेतून खास विणून घेतली. ती घडी मोडत नाही. आग्रह केला तर नेसते, आणि आरशासमोर न जाता माझ्याकडे बघते, मी काय म्हणते ते ऐकायला. मी म्हणते, छान दिसतेस. दिसते ती बरी, पण मला जमत नाही. इतक्या परक्या बायकांचे खांदे मी झाकले, उघडे केले, सरळ केले. मायला नेसवायला घेतलं की माझे हात तुमचं माप धरतात.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही हे तर आहेच. मोठ्यानं वाचून दाखवावं म्हटलं तर तेही होणार नाही, कारण माय बाजूच्या खोलीत पडून आहे आणि तिचं ऐकणं अजून चांगलं आहे. मघाशी तिनं विचारलं, "कवाधरनं काय लिवायलीस गं?"

मी म्हटलं, "कामाचं हाय, माय."